डाव्या हाताची बंदूक

तात्यासाहेबांचा उजवा हात गेल्या पोळ्यापासून त्यांचं ऐकेनासा झाला होता. लकव्याचा झटका सौम्यच होता, असं डॉक्टर म्हणाले. पाय वाचले, वाचा वाचली, हात मात्र खांद्यापासून ओल्या धोतरासारखा लोंबत राहिला. पाचोडजवळच्या वस्तीवर ज्या माणसानं जन्मभर मोसंबीची बाग आणि ज्वारीचं रान राखलं, त्याला आता शर्टाचं बटण लावायलाही बायको लागायची. मनकर्णाबाई बटण लावता लावता म्हणायच्या, "बरं झालं, आता तरी माझ्यासमोर गप उभे ऱ्हाता." तात्या हसायचे नाहीत. दिवसभर लिंबाखाली बाजेवर बसायचे आणि आपण घराला जड झालो, हेच मनात घोळवायचे.

घर चालत होतं ते सुनेच्या रेशमावर. मुलगा गोकुळ चिकलठाण्याच्या कंपनीत कामाला, गारखेड्यात खोली करून राहायचा आणि रविवारी वस्तीवर यायचा. दीपमालानं तुती लावून अळ्यांची शेड उभी केली, तेव्हा "अळ्या पाळणं हा काय धंदा हाय व्हय?" म्हणून तात्यांनीच पारावर टिंगल केली होती. आता त्यांच्या गोळ्या-औषधांचा खर्च त्याच अळ्या भागवत होत्या. टिंगल करणाऱ्याला हे गिळायला जडच जातं.

त्यात शेडमध्ये उंदीर आणि घुशी शिरल्या. कोष विणायच्या आधी रेशमाची अळी बोटाएवढी गलेलठ्ठ होते, म्हणजे उंदराला आयतं ताट वाढलेलं. मागच्या खेपेत त्यांनी अख्खे रॅक साफ केले. रेशमाच्या शेडमध्ये विष ठेवता येत नाही, फवारा मारता येत नाही. साधी उदबत्ती लावली तरी अळ्या माना टाकतात. पिंजऱ्यात पहिले काही उंदीर सापडले, बाकीचे शहाणे झाले. मांजर आणलं तर तेच रॅकवर चढून तुतीच्या पाल्यात लोळायला लागलं.

"अजून एक खेप अशी गेली तर शेड बंद करते अन् मी बी शहरात कामाला येते," दीपमाला नवऱ्याला म्हणाली. बाजेवर तात्यांनी ते ऐकलं. म्हणजे वस्तीवर उरणार दोन म्हातारी माणसं आणि एक कुलूप. त्यांना रात्रभर झोप लागली नाही.

छर्ऱ्याची बंदूक घ्यायची, असं गोकुळनं ठरवलं. तात्यांना त्याच दिवशी शहरात दवाखान्यात दाखवायचं होतं, म्हणून तात्या, गोकुळ आणि दीपमाला तिघंही निघाले. दवाखाना उरकून बंदुकांच्या दुकानात गेले, तिथं तात्यांना एका स्टुलावर बसवलं आणि गोकुळ बंदुका बघू लागला. दुकानदार श्रीधरराव, पांढऱ्या मिशांचे शांत गृहस्थ, घाई कशाची म्हणून नाही. गोकुळला नळी मोडून छर्रा घालायची साधी बंदूक आवडली. प्रत्येक बाराला नळी मोडायची, छर्रा सारायचा, नळी परत सरळ करायची.

"हीच बरी," तो म्हणाला. "मी आलो की बसंन रविवारी."

"उंदीर रविवारपत्तुर थांबतेत का?" दीपमाला म्हणाली. मग ती श्रीधररावांकडं वळली. "काका, एकदा भरली की लागोपाठ मारता येती, अशी हाय का?"

श्रीधररावांनी दुसरी काढली. तिच्या नळकांड्यात पंपानं हवा भरून ठेवायची, चकतीत दहा छर्रे बसवायचे. मग बार झाला की नुसता खटका मागं-पुढं करायचा, पुढचा छर्रा तयार. गोकुळनं किंमत ऐकून मान हलवली. दीपमालानं मात्र बंदूक हातात घेतली, वजन अजमावलं आणि आवाज उतरवून विचारलं, "ह्यो खटका डाव्या बाजूला बसवून मिळंल का? माणसाचा उजवा हात उचलत नाय. छर्रे मी सकाळीच भरून ठिवीन, हवा बी भरीन. त्यांना फकस्त डाव्या हातानं ओढायचं अन् दाबायचं, एवढंच पायजे."

त्या घरात सून सासऱ्याशी थेट बोलत नसे. जेवण तयार आहे, हे सुद्धा ती मनकर्णाबाईंना सांगायची आणि त्या तीन पावलांवर बसलेल्या नवऱ्याला मोठ्यानं कळवायच्या. आताही दीपमाला बोलली ती दुकानदाराशी, पाठ तात्यांकडं करून, डोक्यावरचा पदर सावरून. पण तात्यांना शब्द न् शब्द ऐकू आला. झटका आल्यापासून सगळ्यांनी त्यांना काय करता येणार नाही, हेच मोजलं होतं. ही पोर त्यांना काय येईल, ते धुंडत होती. त्यांचे डोळे भरून आले आणि पुसायचा चांगला हात स्टुलाची कड घट्ट धरून होता, म्हणून त्यांनी ते तसेच वाहू दिले.

"मिळेल की," श्रीधरराव म्हणाले. "खाली वाळूची पिशवी ठेवा टेकू म्हणून. म्हणजे हाताला भार नाही." आणि खटका बदलून द्यायला त्यांनी स्वतःच पेचकस घेतला.

वस्तीवर हवा भरायचा कार्यक्रम पाहण्यासारखा असायचा. पंपाच्या पट्टीवर मनकर्णाबाई पाय देऊन उभ्या आणि दीपमाला दांडा दाबतेय. "माझं वजन कधी कुणाच्या कामाला आलं नव्हतं," मनकर्णाबाई म्हणायच्या, आणि मग दोघींना हसू आवरेना, हवा राहायची बाजूला.

खरी अडचण निघाली तंबाखूची. तंबाखूच्या हाताचा नुसता स्पर्श झाला तरी अळी मरते, त्यामुळं तात्यांना शेडच्या दारातसुद्धा मज्जाव होता. डॉक्टरांनी सांगून, बायकोनं शपथा घालून जी सुटली नव्हती, ती त्यांनी मुकाट्यानं सोडली. पहिले दिवस वाईट गेले. चिडचिड झाली, डोकं दुखलं, एकदा तर चहाचा कप भिरकावला. पण डबी पुन्हा उघडली नाही.

बंदुकीचंही एकदम जमलं नाही. आधी करवंटीवर सराव केला, तेव्हा करवंटी सुरक्षित आणि गोठ्याची भिंत घायाळ. हळूहळू डावा डोळा आणि डावा हात एकमेकांना ओळखायला लागले. मग रोज दिवेलागणीला हातपाय साबणानं धुऊन तात्या शेडच्या दारात खुर्ची टाकायचे. पिशवीवर बंदूक, तिचं तोंड भिंतीच्या बुडाशी, तिथं छर्रा अडवायला जाड फळी. गोकुळला आवडलेली बंदूक असती, तर नेम चुकल्यावर ती परत भरेपर्यंत उंदीर केव्हाच पसार झाला असता. इथं खटका ओढला की पुढचा छर्रा हजर. चुकायची मुभा असलेली बंदूक सुनेनं आपल्यासाठी निवडली, हे तात्यांना त्या खुर्चीत बसून उमगलं.

उंदीर कमी होत गेले. अळ्यांनी पाला सोडला, माना वर केल्या आणि विणायला लागल्या. अळ्यांना कोष विणायला ठेवलेल्या चंद्रिकांच्या जाळ्या पांढऱ्याशुभ्र कोषांनी भरल्या, तेव्हा मनकर्णाबाईंनी नवऱ्याची दृष्ट काढली, अर्थात शेडपासून लांब, वाऱ्याची दिशा बघून.

कोष विकायला गेले. शेड धुऊन, चुना मारून रिकामी ठेवली. रिकाम्या शेडमध्ये राखायला काही नसतं. तात्या पुन्हा बाजेवर आले. एवढ्यापुरतंच होतं आपलं काम, असं त्यांना वाटलं, आणि तरी जेवढं मिळालं त्याबद्दल त्यांनी मनोमन देवाचे आणि सुनेचे आभार मानले.

एका दुपारी दीपमाला अंगणात फोनवर बोलत होती. पुढच्या खेपेसाठी अळ्यांच्या अंड्यांची, म्हणजे अंडीपुंजांची, मागणी द्यायची होती. पलीकडून काहीतरी विचारलं असावं.

"थांबा जरा," ती म्हणाली. "राखणदाराला इचारून सांगते."

फोन कानापासून काढून ती थेट बाजेपाशी आली. मनकर्णाबाई स्वयंपाकघरात होत्या, मध्ये बोलायला कुणी नव्हतं.

"तात्या, मागल्या वक्ताला शंभरच अंडीपुंज व्हते. आता किती घेऊ? तुमच्याच्यानं जेवढी राखण व्हईल तेवढीच घेते."

तात्या बाजेवर ताठ बसले. आपल्या बळावर कुणी पेरणी ठरवावी, असे दिवस परत येतील, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

"दोनशे घे, पोरी," ते म्हणाले.