हातात मावणारी लेन्स

गडहिंग्लजला स्टुडिओ असलेला माझा वर्गमित्र एका दुपारी कोल्हापुरात आमच्या घरी आला आणि पिशवीतून एक लेन्स काढून माझ्या लेन्सशेजारी टेबलावर ठेवली. माझी थर्मासएवढी, त्याची पाणी प्यायच्या पेल्याएवढी.

"दोन्ही सारख्याच," तो म्हणाला. "फोटू ज्येच्यावर उमटतो त्यो सेन्सर माझ्या कॅमेऱ्यात ल्हान हाय. तुझी दोनशे एमएमची लेन्स जेवढं जवळ आणती, तेवढंच माझी शंभरची आणती. खांदा कशाला मोडून घेतीस?"

वीस वर्षं लग्नाचे फोटो काढून खांदा खरंच दुखत होता. पण माझी लेन्स त्यानं याआधी दोनदा विकत मागितली होती. "आठवडाभर कॅमेऱ्यासकट अदलाबदल करू," असं तो म्हणाला तेव्हा तर तो ती लाटणार, हा माझा संशय पक्काच झाला. त्याच्यासमोरच मी माझ्या लेन्सचा नंबर वहीत उतरवून घेतला.

"लिही की," तो हसला. ते हसणंही मला आवडलं नाही.

त्या आठवड्यात कोडोलीला लग्न होतं. नवरीचे वडील माझ्या हातांकडेच बघत राहिले. "ताई, क्यामेरा एवढासाच? मोठा दुसऱ्या लग्नाला दिलासा व्हय?"

"फोटो तसेच येतात," मी म्हणाले खरी, पण विश्वास माझाही नव्हता.

घरी फोटो मोठे करून पाहिले. उन्हातले माझ्या जुन्या फोटोंशेजारी ठेवले, तर फरक सापडेना. हॉलमधल्या अपुऱ्या उजेडातल्या फोटोंत मात्र नवरीच्या केसांवर फोटो खरखरीत दिसेल असे बारीक दाणे होते, आणि तिच्या मागची माणसं चक्क ओळखू येत होती. माझ्या लेन्सनं ती सगळी पुसट करून टाकली असती. लगेच मित्राला फोन लावला.

"मागचं धूसर होत नाही, हे का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू घेतली असतीस व्हय?"

"आणि माझी कशाला हवी होती?"

"मागचं धूसर करायलाच की!"

अल्बमचे फोटो निवडायला नवरीचे वडील आले आणि एका फोटोवर थांबले. त्यांचं बोट नवरीच्या मागे, खांबाशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईवर होतं.

"ही माझी थोरली भन. शाहूवाडीला असती. लई वर्सं बोलणं न्हाय. बोलावलं तरी आली न्हाय, म्हणून मी रागात हुतो." स्क्रीनकडे वाकून म्हणाले, "म्हंजे आलती. कुणाला न भेटता गेली."

मग माझ्याकडे रोखून बघत विचारलं, "ताई, तुम्ही चिकटवली न्हाईसा न्हवं?"

मी आधीचा आणि नंतरचा फोटो उघडून दाखवला. एकात ती पदर सावरत होती, दुसऱ्यात अक्षता टाकत होती. त्यांनी तिन्ही पुन्हा पुन्हा पाहिले, एक छापून घेतला आणि बाकीचे न निवडताच उठले.

मी मित्राचा कॅमेरा परत केला आणि माझा कॅमेरा, लेन्स घेऊन आले. लेन्स विकायला मात्र नकार दिला.

चार दिवसांनी कोडोलीहून फोन आला. "ताई, फोटो दिला तिला. भन म्हणती, मी लई म्हातारी दिसतीया ह्यात. दुसरा काढायला कवा येता?"