दिसेल तिकडे बघणारी शकू

शकू गेल्याचा फोन आला तेव्हा मी आळेफाट्यावर एसटीची वाट बघत होते. शिनोलीहून तिची भाची मीना बोलत होती. "मावशी, आत्या गेली... सकाळी चहा घेतला आन् बसल्या जागीच..." एसटी आली, निघून गेली. मी तिथंच उभी.

महिना होत आला. भेटेल तो म्हणतो, बाई स्वभावानं गरीब होती. साफ खोटं. शकू लई हट्टी होती आणि तिचा हट्ट बरोबर होता.

आम्ही दोघी पोलीस शिपाई, एकाच तुकडीतल्या. नव्वदच्या दशकात पिस्तूल नेमबाजीच्या संघात पहिला नंबर तिचा आणि दुसरा माझा, हे ठरलेलंच. आमचे उस्ताद, म्हणजे फायरिंग शिकवणारे हवालदार, एकच गोष्ट घोकून घ्यायचे. नळीच्या टोकावरची लोखंडी फोरसाईट लख्ख दिसली पाहिजे, टार्गेट धूसर दिसलं तरी चालेल. आम्ही वर्षानुवर्षं तेच केलं. मग पंचेचाळिशी आली आणि शकूला फोरसाईट दिसेना. जवळचा चष्मा लावला की टार्गेटच गायब. गुण घसरले. संघप्रमुख म्हणाले, "बाई, आता नव्या मुलींना जागा द्या." मी शेजारीच उभी होते, पण माझी जागा जाईल म्हणून गप्प बसले. आज ते लिहून टाकते.

पुढच्या रविवारी तिनं मला पुण्यातल्या एका खासगी क्लबात ओढत नेलं. तिथल्या एका पिस्तुलावर रेड डॉट बसवलेला होता. इवलीशी काच, काचेत लाल ठिपका. नजर टार्गेटवर ठेवायची, ठिपका तिथंच दिसतो. मी म्हटलं, "शकू, ही लबाडी आहे."

"आन् तू चष्मा लावून तांदूळ निवडतीस, ती लबाडी न्हाई व्हय?"

दहा दहा गोळ्या झाडल्या. मी फोरसाईटवर, ती ठिपक्यावर. तिच्या दहाही चहाच्या बशीखाली झाकल्या गेल्या असत्या. माझ्यांना परात लागली असती.

तिनं अर्ज दिला, चाळिशीपुढच्यांना ठिपक्यावर नेमबाजी करू द्या म्हणून. 'नियमात बसत नाही' एवढंच उत्तर आलं, आणि संघातून तिचं नाव कमी झालं. मी म्हटलं, सोड आता. "हात माझा तोच हाय," ती म्हणाली, "निसती नजर म्हातारी झालीया." क्लबात जाणं तिनं थांबवलं नाही.

मग वार्षिक फायरिंग आलं. ते सगळ्यांनाच असतं, आणि लोखंडी फोरसाईटवरच. नवा उस्ताद वयानं तिच्या निम्मा. तो मागून ओरडला, "ताई, टार्गेटकडे काय बघताय? फोरसाईट बघा!"

"ती दिसतच न्हाई, सायेब. टार्गेट दिसतंय, तिकडंच बघती."

ठिपक्यानं तिला टार्गेटवर नजर ठेवायची सवय लावली होती. फोरसाईट धुरकट दिसली तरी ती पिस्तुलाच्या मागच्या टोकावरल्या खाचेच्या मधोमध आहे, एवढं तिला पुरत होतं. माझ्यापेक्षा चार गुण जास्त पडले. उस्तादानं तिचं टार्गेट दोनदा मोजलं. संघात मात्र तिला परत घेतलं नाही. तिनं विचारलंही नाही. दर वर्षी लाईनवर उभी राहायची, टार्गेटकडे बघायची आणि माझ्या पुढं जायची.

दशक्रियेनंतर मी शिनोलीला तिच्या खोलीत बसले होते. समोरच्या भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीला, एक काळी टिकली चिकटवलेली. मीना म्हणाली, "आत्या रोज सकाळी भरलेला तांब्या घिऊन हात लांब करायची आन् टिकलीकडं बघत उभी राहायची. आमी हसायचो. आता दादा भिंत रंगवायचं म्हणत्यात."

मी तांब्या भरून घेतला, पिस्तूल धरावं तसा हात लांब केला. माझेही डोळे आता तसेच झालेत. तांब्या धूसर दिसत होता... टिकली लख्ख.

"दादांना सांग," मी म्हटलं, "भिंत रंगवा, पण टिकलीला हात लावायचा न्हाई."