मुका कलदार

मुलांनो, तुमच्या आजोबांच्या मावसभावाइतका स्वतःच्या कानांवर विश्वास असलेला माणूस सबंध मराठवाड्यात दुसरा झाला नसेल. मी त्यांना भावजी म्हणते. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी नळदुर्गच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली. पलीकडून कुणी नुसतं "हॅलो" म्हटलं, तरी बोलणारा कोण, कुठल्या गल्लीतला आणि सकाळपासून काही खाल्लंय की नाही, एवढं त्यांना कळायचं. एका व्यापाऱ्याचा फोन जोडून देताना ते मध्येच म्हणाले होते, "शेठ, आवाज पिवळा पडलाय तुमचा, डॉक्टरला दाखवा." शेठना खरोखरच कावीळ निघाली, असं भावजी सांगतात. शेठ काय सांगत, ते मला ठाऊक नाही. माठ, नारळ आणि कलिंगड सगळेच वाजवून घेतात. भावजी बसण्याआधी पाटसुद्धा वाजवून बघत. वास्तुशांतीला गेले की वाढलेलं ताट सोडून नव्या घराच्या फरशा ठोकत फिरत आणि "ही पोकळ हाय, हिच्याखाली माल कमी पडलाय," असं यजमानाला ऐकवून मगच पहिला घास घेत. मुलगा बघायला त्यांना कुणी सोबत नेत नसे, कारण एका नवरदेवाला त्यांनी भर बैठकीत तीनदा खोकून दाखवायला लावलं होतं.

पण त्यांचा कान गाजला तो चांदीच्या रुपयांमुळे. आपला भाग निजामाचा, त्यामुळे इंग्रजांच्या रुपयाला इकडे कलदार म्हणत. घरोघरी देवाच्या डब्यात असे एक-दोन कलदार असतातच. दिवाळी जवळ आली की लक्ष्मीपूजनाआधी ते खरे की खोटे, हे विचारायला लोक भावजींकडे येत. आधी घरातला पंखा बंद होई, मग भिंतीवरचं घड्याळ थांबवलं जाई, मग स्वयंपाकघरात निरोप जाई. "शिट्टी होऊ द्यायची का भात कच्चाच खायचा?" त्यांची बायको आतून विचारायची. "रुपया काय पळून चाललाय व्हय?" भावजी नुसतं ओठांवर बोट ठेवत. बोटाच्या टोकावर रुपया तोलून धरायचा, दुसऱ्या रुपयानं त्याच्या कडेवर हलकेच टिचकी द्यायची आणि डोळे मिटून तो नाद संपेपर्यंत ऐकायचं, एवढीच त्यांची परीक्षा. अडचण होती ती हैदराबादच्या रस्त्याची. टिचकी द्यायला हात उचलला की नेमका बाहेरून ट्रक जायचा. "जाऊ द्या त्याला," असं म्हणून भावजी हात तसाच वर धरून थांबत. तो जाईपर्यंत दुसरा येई. भूमहून आलेलं एक कुटुंब एका रुपयासाठी सकाळच्या चहापासून दुपारच्या जेवणापर्यंत अडकून पडलं होतं. कुणी म्हणालं, की सोनाराकडे कसोटीवर घासून बघा, निदान भिंगातून तरी बघा, तर भावजींना राग येई. "डोळ्याला फसवता येतं," ते म्हणत, "कानाला न्हाय."

माझं लग्न होऊन मी तुळजापूरच्या या घरात आले, तेव्हा सूनमुख बघताना सासूबाईंनी माझ्या हातात राणीचा एक कलदार ठेवला होता. मी सोलापूरच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. अशी सून त्यांना कितपत रुचली असेल, ही धाकधूक मनात होतीच. पूजेला आलेल्या भावजींनी तिसऱ्याच दिवशी तो रुपया मागून घेतला, बोटावर तोलला, टिचकी दिली. थप्प असा आवाज आला. पुन्हा दिली, पुन्हा थप्प. "वहिनी, खोटा हाय हा," ते म्हणाले. तेव्हा सासूबाई पोह्यांच्या बश्या घेऊन दारातच उभ्या होत्या. त्यांनी बश्या खाली ठेवल्या आणि त्या तशाच आत निघून गेल्या. ती मला कबुलीच वाटली. मी रुपया एका पाकिटात घातला, पाकिटावर पेन्सिलनं 'खोटा' असं लिहिलं आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिला.

त्यानंतर आम्ही दोघी एकोणीस वर्षं एका घरात राहिलो. मी त्यांना उलट शब्द बोलले नाही. त्यांची औषधं वेळच्या वेळी दिली, शेवटच्या दुखण्यात नोकरीवर रजा काढून उशाशी बसले. पण दुपारी चहाचा कप घेऊन उगीचच त्यांच्याजवळ जाऊन बसले, असं एकदाही झालं नाही. ज्यांनी पहिल्याच भेटीत खोटं नाणं दिलं, त्यांच्याशी काय बोलायचं?

गेल्या वर्षी भावजींना नीट ऐकू येईनासं झालं. दुसरा कुणी असता तर खचला असता; भावजींना उलट शंका आली. कान आज दगा देतो, तर आधीही कधी दिला असेल! मग त्यांनी खिशात मावेल असा वजनकाटा घेतला, लोहचुंबक घेतलं आणि इतकी वर्षं ज्याची हेटाळणी केली ते भिंगही घेतलं. उभ्या आयुष्यात ज्यांचे रुपये खोटे ठरवले, त्या सगळ्यांची यादी केली आणि एसटीनं जिल्हाभर फिरून फेरतपासणी सुरू केली. फाल्गुनातल्या एका सकाळी ते आमच्या दारात उभे राहिले. "वहिनी, तुमचा रुपया काढा. आणि बर्फ द्या."

चुंबकाला रुपया चिकटला नाही. वजन बरोबर एक तोळा भरलं. मग त्यांनी बर्फाचा एक खडा बशीत ठेवला आणि एक रुपयावर. बशीतला तसाच बसून राहिला. रुपयावरचा मात्र तव्यावर लोणी टाकावं तसा बघता बघता विरघळत गेला. चांदी अशीच वागते म्हणे. भावजींनी रुपया पुसला, डोळ्याला भिंग लावलं आणि कडेकडेनं फिरत राणीच्या मुकुटापाशी आले. तिथंच थांबले.

"वहिनी, याला कडी होती."

"कसली कडी?"

"माळेत ओवायची. ती तोडून वरनं कानस मारलीय. तोडताना चीर गेली बघा, केसाएवढी. चीर गेलेलं नाणं वाजंल कसं? चांदी खरी हाय." भिंग खाली ठेवून त्यांनी रुपयावरून अंगठा फिरवला. "मावशीच्या गळ्यात होती अशी माळ. आमी लहानपणी तिच्या मांडीवर बसून त्यातले रुपये मोजायचो. दादाच्या शिक्षणापायी एकेक करून गेले. मला वाटलं, सगळेच गेले."

दादा म्हणजे तुमचे आजोबा. मावशी म्हणजे माझ्या सासूबाई. माळेतला शेवटचा रुपया त्यांनी माझ्यासाठी तोडला होता, आणि तो खोटा आहे हे तिसऱ्या दिवशी दारात उभं राहून ऐकलं होतं.

"माझ्या कानानं घात केला, वहिनी," भावजी म्हणाले. मी त्यांना जेवायला थांबवून घेतलं.

संध्याकाळी मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. नळदुर्गची गाडी लागलेली होती. खिडकीशी बसल्यावर त्यांनी विचारलं, "तुम्ही तवाच मावशीला का न्हाय विचारलं?"

मी हळूच सांगितलं.

"काय?" त्यांनी कान खिडकीबाहेर काढला. इंजिन सुरू झालं होतं.

"मला वाटलं, त्यांना मी पसंत नाही!" मला ते ओरडून सांगावं लागलं. रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

"काय बोलता, वहिनी!" भावजी माझ्याहून मोठ्यानं ओरडले, आपला आवाज किती मोठा निघतो, ते हल्ली त्यांना कळत नाही. "मावशी आमच्याकडं आली की दुसरं बोलायचीच न्हाय! आमच्या सुनेसारखं इंग्रजी कलेक्टरलाबी येत न्हाय म्हणायची! आमी कंटाळायचो ऐकून!"

गाडी हलली. ते हात हलवत अजून काहीतरी सांगत होते, ते मला ऐकू आलं नाही. मी तशीच उभी राहिले. बाकावर देवीची परडी मांडीवर घेतलेली एक अनोळखी बाई बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, परडी उचलून धरली आणि जरा सरकून मला बसायला जागा करून दिली.