डेझीबायचं खोगीर

एकोणीसशे एक्कावन्न सालच्या माघात माजिवड्याच्या भातखाचरात रोज सकाळी एक तमाशा चाले, आणि फुकट असल्यामुळे त्याला गर्दीही बरी जमे. भिवा म्हात्रे आपल्या तांबड्या घोडीला आडवं चालवायचा. तोंड खाडीकडे, चाल देवळाकडे. बांधावर बसलेली मंडळी दात काढत विचारायची, "काय रं भिवा, साहेबानं हिला सरळ चालाया शिकवलीच नाय का?"

हा साहेब म्हणजे नगरच्या छावणीतला. भिवा तिथे त्याचा मोतद्दार होता. मोतद्दारानं घोडीला खरारा करायचा, चारा घालायचा, फिरवून आणायची. वर बसून नखरे करायचे ते साहेबानं. पण हा साहेब उठायचा उशिरा. त्याची दाढी होईस्तोवर भिवा मैदानाच्या पलीकडच्या कोपऱ्यात घोडीकडून, म्हणजे डेझीकडून, सगळी कवायत करून घ्यायचा. आडवी चाल, जागच्या जागी पावलं टाकणं, गिरकी, सगळं. साहेबाला हे कळलं नसेल असं नाही. सत्तेचाळीस साली विलायतेला जाताना त्यानं घोडी खोगिरासकट भिवाच्याच हातात दिली, आणि बोटीत बसेपर्यंत म्हणे दोनदा मागे वळून पाहिलं. भिवाकडे नव्हे, घोडीकडे.

गावानं तिचं नाव डेझीबाय करून टाकलं. भिवाची बायको सगुणा मात्र तिला नाव घेऊन हाक मारत नसे. "सवत परवडली," ती विहिरीवर म्हणायची, "ती भांडी तरी घासते!"

गेली चार वर्षं डेझीबाय लग्नसराईत नवरदेव मिरवत होती. पण आता नवरदेव मोटारीत बसू लागले होते, आणि ठाण्याचा गणू टांगेवाला दर आठवड्याला येऊन तिच्या पायांवरून हात फिरवून जाई. सगुणानं सांगून ठेवलं होतं, "शिमग्यापत्तुर काय ता करा. मंग गणूला देऊन टाका."

भिवाला एकच आशा होती. मुंबईकडे घोडेस्वारीची शाळा चालवणारे एक म्हातारे पारशी शेठ शिमग्याच्या आधीच्या रविवारी घोडी बघायला येणार होते. कवायत पसंत पडली तर दोघांनाही ठेवून घेतो म्हणाले होते. नाही पडली तर डेझीच्या मानेवर टांग्याचं जू.

आणि नेमकी तीच कवायत डेझी करेना. आडवी चाल कशीबशी चाले, पण जागच्या जागी पावलं टाकायला सांगितलं की कान मागे पाडायची, पाठ आखडायची. लोक हसत होते त्याचं भिवाला काही नव्हतं. त्याच्या मनात दुसरंच सलत होतं. ही विद्या साहेबाचीच असेल. कोपऱ्यात चोरून शिकलेल्या मोतद्दाराला ती काय साधणार?

शेवटी तो दगडूकडे गेला. लढाईच्या दिवसांत दगडू कल्याणच्या लष्करी कँपात खोगिरं शिवायचा. पुढे कँपात निर्वासित आले, घोडे गेले, आणि दगडू ठाणे स्टेशनबाहेर टांगेवाल्यांचे पट्टे शिवत बसला.

"खोगीर कुणाचं?" त्यानं विचारलं.

"साहेबाचं."

"साहेब कसा व्हता?"

"वेळूवानी. उंच, वाललेला."

दगडूनं भिवाला वरून खाली आणि मग आडवं पाहिलं. भिवा बुटका, आणि सगुणाच्या हातच्या तांदळाच्या भाकऱ्यांनी मागच्या बाजूला चांगलाच सुखावलेला. "आरं, वेळूच्या सदऱ्यात भोपळा घातलाय तू," दगडू म्हणाला. "आन् घोडी?"

घोडीही सुखावली होती. माजिवड्याला येऊन दगडूनं तिच्या पाठीवर तांदळाचं पीठ भुरभुरवून वर खोगीर ठेवलं, भिवाला बसवून दोन फेऱ्या मारायला लावल्या आणि खोगीर उचललं. खालच्या गादीला पीठ लागलं होतं ते फक्त दोन ठिकाणी, वाटीएवढं. सगळा भिवा त्या दोन वाट्यांवर बसत होता.

"म्हंजे माजं चुकत नाय?" भिवानं हळूच विचारलं.

"त्ये मागनं बघू. आधी नवं शिवू."

घोडीचं माप दगडूनं टांगेवाल्यांच्या घोड्यांचं घेतात तसं घेतलं. तोंडाला हरभऱ्याचा तोबरा बांधला की जनावर हलत नाही. स्वाराच्या मापासाठी मात्र त्यानं नवीनच युक्ती काढली. भिवाच्या भावकीचं मिठागर खाडीला लागून होतं. तिथल्या ओल्या चिखलाच्या बांधावर त्यानं भिवाला घोड्यावर बसतात तसं बसवलं आणि "हलू नगंस" म्हणून स्वतः विडी ओढत बसला. भिवा उठला तेव्हा बांधावर हुबेहूब ठसा उमटला होता. दगडूनं सुतळीनं त्याची लांबी-रुंदी घेतली आणि निघून गेला. ठसा उन्हानं कडक वाळला. आठवडाभर बायका वाट वाकडी करून तो बघायला जात होत्या. शेजारच्या गंगुबाईनं तर सगुणाला विचारलं, "अगो, यावर हळदकुंकू वाहू का?"

खोगीर झालं. भिवा वर बसला आणि त्याला वाटलं, आपण घोडीवर नाही, घोडीत बसलोय. डेझी चाललीही झोकात. पण मान गोळा करून जागच्या जागी पावलं टाकायची वेळ आली आणि पुन्हा तेच. कान मागे, पाठ ताठ. रविवार पाच दिवसांवर.

भिवा उतरला. त्यानं घोडी आणून अंगणात बांधली. मागोमाग आलेला दगडू पायरीवर टेकला. भिवानं तोबरा चढवला आणि सगुणाला म्हणाला, "गणूला सांग, घेऊन जा."

हे ऐकायला सगुणा चार वर्षं थांबली होती. पण ती गणूकडे निघाली नाही. तोबऱ्यात मान खाली घालून चघळणाऱ्या घोडीकडे ती बघत होती.

"या दगडूनं माप कवा घेतला?"

"असाच. खाताना."

"खाताना!" सगुणा उसळली. "जेवाया बसलेल्या बाईचं माप घेऊन कुनी पोलका शिवतं का? हात वर केला का उसवंल नाय? ही बघा ना, मान खाली हाय तवा खांद्याचं हाड फुडं. नाचाया लागली, मान वर घेतली, का हाड जातं मागं, थेट तुमच्या खोगिरात!"

पायरीवर बसलेल्या दगडूची विडी विझली. "टांग्याच्या घोड्यावर कुनी बसत न्हाई, खांदा बघावा लागत न्हाई," तो पुटपुटला. "सवय पडली."

"तुमी चार वर्सं हिच्यावर बसलात," सगुणा नवऱ्याला म्हणाली, "मी चार वर्सं हिला बघत बसले. दुसरं काय होतं मला?"

दुसऱ्या दिवशी दगडूनं कोळ्याच्या फाटक्या जाळ्यातलं शिसं वितळवून लांब पट्टी ओतली. तोबरा काढला. भिवानं लगाम धरून डेझीला कवायतीच्या ऐटीत उभं केलं, मान गोळा, पाठ उचललेली, आणि दगडूनं तेवढ्या अवसरात मऊ पट्टी तिच्या खांद्यामागे दाबून वाकवली. वाकली तशीच राहिली. त्या पट्टीच्या मापानं खोगिराचा सांगाडा पुढून रुंद केला, गादी पुन्हा भरली. शनिवारी संध्याकाळी टाके पुरे झाले.

रविवारी पारशी शेठ आले, छत्री टेकून बांधावर उभे राहिले. डेझी आडवी गेली, सरळ आली, आणि शेठच्या समोर येऊन जागच्या जागी पावलं टाकू लागली. अशी हलकी, की खाचरातली धूळही उडेना. कान पुढे. बांधावरची मंडळी पहिल्यांदाच दात काढायची विसरली. भिवाचे हात मात्र लगामावर दिसतील न दिसतील असे हलत होते, आणि ते साहेबाचे नव्हते, त्याचेच होते.

"खोगीर सरस छे," म्हणत शेठ स्वतः चढले. चढले आणि भिवाच्या त्या प्रशस्त बैठकीत इकडून तिकडे घरंगळले. डेझी तिथेच थांबली आणि मान वळवून कोण आहे ते बघू लागली. शेठ हसत उतरले.

"आमच्या मास्तरलोकला तर हे मोटुं पडते. भिवा, तू पन येजे. सोमवारथी. तुझ्याशिवाय हे सामान काय कामाचा?"

 भिवा खाली वाकून उगाचच घोडीच्या पोटाखालचा तंग सैल करत राहिला. बांधावरून कुणीतरी ओरडलं, "सगुने, सवत चालली की मुंबईला, नवऱ्याला घेऊन!"

"मी बी चालले संगं," सगुणा म्हणाली. "नाय तर दोघं खाऊन खाऊन पुन्हा सुटतील."

मग तिनं तोबरा उचलला, घोडीजवळ गेली आणि तिच्या तोंडाला बांधला.

"जेव गो डेझीबाय," ती म्हणाली. "आता कुनी माप घेत नाय."