दर दहावं चित्र काळं

आमगावच्या एका खाजगी दवाखान्यात सुशीलाबाई कापगते एकतीस वर्षं एक्स-रे काढत होत्या. श्वास रोखा म्हटलं की बोलायला लागणारे पेशंट आणि फिल्म उलटी धरून मान डोलावणारे डॉक्टर बघून बघून माणसांच्या अकलेबद्दल त्यांचं मत एकदाचं ठरून गेलं होतं.

त्यात हेमेंद्र आला. मूळचा इथल्याच गोंदियाचा, पण बंगळूरच्या कंपनीचं ओळखपत्र गळ्यात पडल्यापासून मराठी विसरलेला. त्याच्या पेटीत सेकंदाला हजार एक्स-रे चित्रं टिपणारा सेन्सर होता. हलतं मनगट, गिळता गळा, सगळं त्यात दिसणार म्हणे. तो कुठल्याही जुन्या मशीनवर चालतो हे कंपनीला दाखवायचं होतं, म्हणून चाचणी इथं.

"आंटी, आप बस बटन दबाना," तो म्हणाला.

आंटी! सुशीलाबाईंनी बटण दाबलं.

चाचणीसाठी मशीनखाली एक छोटं चाक गरगरत ठेवलं होतं. सेन्सरनं ते टिपलं खरं, पण दर दहावं चित्र काळंकुट्ट. हेमेंद्रनं केबल बदलली, स्टॅबिलायझर लावला, शेवटी कंपनीला फोन केला, "सर, यहाँ की बिजली ही बेकार है." सुशीलाबाईंना पहिल्या फेरीतच सगळं कळलं होतं. तरी त्या स्टुलावर बसून राहिल्या. या शहाण्याला घाम पुसताना बघायचं होतं.

दीड तासानं तो सेन्सर पेटीत भरायला लागला, तेव्हा त्या बोलल्या, "कायले भरून राह्यला? तुझा सेन्सर चांगला हाये. नळी मिचकावते."

"मतलब?"

"जुनी मशीन हाये बाबू. नळीतून किरणं सेकंदाले शंभर डाव निघतात, मधी मधी बंद. डोळ्याले दिसत नाई, तुझ्या सेन्सरले दिसते."

त्याला पटेना. त्यांनी कपाटातून शिशाचा चपटा भोवरा काढला. कडेला एकच भोक; पूर्वी मशीनचा टायमर तपासायला वापरत. फिल्मच्या कॅसेटवर तो फिरवून त्या पडद्याआड गेल्या आणि सेकंदाचा दहावा भाग किरणं सोडली. चित्रात त्या एका भोकाची सलग रेघ न येता सुटे ठिपके कमानीत उमटले.

"मोज."

बरोबर दहा. हेमेंद्रचा चेहरा उतरला. "पहले क्यों नहीं बताया?"

"तू इचारलं काऊन नाई?"

मोठ्या ऐटीत त्यांनी दार उघडलं. बाहेर बाकावर शांतीबाई नावाची म्हातारी सुजलेलं मनगट मांडीवर घेऊन बसली होती. बांधावरून घसरलेली. चाचणी चालू म्हणून तिला थांबवलं होतं, आणि सुशीलाबाईंना त्याचा पत्ताच नव्हता.

"मशीन बिगडली होती का वं बाई?" तिनं विचारलं.

कोपराखाली हात देऊन सुशीलाबाईंनी तिला आत आणलं. मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं.

सहा आठवड्यांनी कंपनीचा अहवाल आला. नळीतला दोष म्हणे 'आमच्या अभियंत्याने शोधून काढला'.

"हुशार पोरगा," डॉक्टर कौतुकानं म्हणाले.

सुशीलाबाईंना डॉक्टरांचीही कीवच आली. बाहेर शांतीबाई प्लास्टर काढायला आली होती. त्या दिवशी तिचा एक्स-रे त्यांनी सगळ्यांच्या आधी काढला.