जमनीला आवडते जुनीच फटफटी

आमची जुनी फटफटी विकली आणि त्या दिवसापासून म्हशीने दूध बंद केलं.

यात हसण्यासारखं काही नाही. पण गाव हसलं, तुम्हीही हसाल, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

मी शिकलेला माणूस नाही. चौथीत होतो तेव्हा मास्तर म्हणाले, "उद्यापासून येऊ नको, बाकीची पोरं बिघडतात." मग वांग्यांत पडलो. पारोळ्याच्या अलीकडे आमचं गाव. भरताची वांगी लावायची, क्रेट फटफटीला बांधायचे आणि जळगावच्या मार्केटला न्यायचे, हा आपला धंदा.

फटफटी दोन ष्ट्रोकची, माझ्या लग्नाच्याही आधीची. चावी हरवली तेव्हापासून चमच्याच्या दांड्याने चालू होते. (चमचा हरवला तर उलथनंही चालतं.) धूर एवढा, की मागून येणाऱ्याला वाटायचं पुढे कोणीतरी शेत पेटवलंय. ब्रेक दाबला की ती आधी विचार करायची. चालू करायची पद्धत अशी: डाव्या कुशीवर आडवी करायची, उभी करायची, टाकीवर एक थाप मारायची, जिने बनवली त्या कंपनीला एक शिवी द्यायची, मग किक. शिवी विसरलो तर चालू व्हायची नाही. करून पाहिलंय.

नव्या गाड्यांचं तर मला तोंडसुद्धा बघवत नाही. स्टँड खाली असलं तर म्हणे चालू होणार नाही. गाडी आहे का जावई, मानपान बघायला? बिघडली तर पाना लावायला जागा नाही, सगळं प्लास्टिक. कंपनीत न्यायची, तिथला पोरगा गाडीला कॉम्प्युटरची वायर लावतो आणि गाडी त्याला सांगते कुठं दुखतंय. माझ्या बायकोने एवढ्या संसारात मला सांगितलं नाही.

आणि जुन्या गाडीच्या शौकीन पोरांचंही कौतुक नको. रविवारी जळगावात मेहरूणच्या तलावावर बघा. एकेक जण जुन्या गाडीला टेकून असा उभा राहतो, जसा फोटोला नवरदेव. "इंजिनात जीव आहे, काका." "लोखंड आहे, लोखंड." "आवाज ऐका नुसता." मग ऊन वर आलं की गाडी चालू होत नाही आणि ते लोखंड टेम्पोत घालून घरी नेतात. मी हसायचो त्यांना. कारण त्यांच्याकडे नुसता शौक होता. माझ्याकडे जुनी गाडी ठेवायचं खरं कारण होतं, आणि ते गोठ्यात बांधलेलं होतं.

जमनी. आमची म्हैस. आमच्या रवीच्या आईने ती माहेराहून आणली, पारडू होती तेव्हा. त्यामुळे घरात पहिला मान जमनीचा, दुसरा रवीचा, तिसरा मांजरीचा.

तर जमनीची एक खोड होती. रवीची आई सकाळी धार काढायला बसली की ती पान्हा चोरायची. आपल्या पारडूला दोन घोट देणार, बाकीचं आत. मी शेजारी उभं राहून सांगायचो, "अशी नको, तशी काढ. अंगठा दुमड. तिच्याशी गोड बोल." जमनी माझ्याकडे बघायची, पण सडातून थेंब नाही. मग मी फटफटी आडवी करायचो, उभी करायचो, थाप, शिवी, किक. फट् फट् फट् झालं की निघायचो मार्केटला. आणि वेशीपर्यंत पोचत नाही तोच इकडे बादलीत चुर्र चुर्र सुरू. संध्याकाळी तसंच. मी फटफटी काढून पारावर गेलो की जमनी मोकळी.

यावरून मी एक शोध लावला. जमनीला फटफटीच्या आवाजाशिवाय पान्हा फुटत नाही! गावभर सांगितलं. दूध डेअरीवर सांगितलं. जळगावच्या मार्केटमध्ये अडत्याला सांगितलं. "जनावराला लोखंड कळतं भाऊ, तुमच्या त्या प्लास्टिकला कोण पान्हा सोडणार?" लोक माना डोलवायचे. मला वाटायचं पटलं. आता वाटतं, त्यांना बाजूला व्हायचं असेल.

मग रवी आला. आमचा मुलगा, दीपनगरला नोकरीला आहे. त्याने मला न विचारता नवी कोरी मोटरसायकल दारात आणून उभी केली.

"आबा, आता ते भंगार बास. कमरेचं पार वाटोळं झालंय तुमचं."

"कमर मन्ही शे, तुले काय त्रास?"

"मला काही नाही. गिऱ्हाईक पाहून ठेवलंय. पिंपळनेरचा पोरगा आहे, शौकीन आहे, लगेच येतोय."

तो पोरगा आला तर डोळ्यांत पाणी आणून गाडीकडे बघायला लागला. म्हणाला, "काका, इंजिनात जीव आहे." मी म्हटलं ने बाबा, तू त्यातलाच दिसतोस. चमचा त्याच्या हातात दिला. शिवी मात्र सांगितली नाही. ती घरची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रवीची आई धारेला बसली. मी नवी गाडी गोठ्याच्या दाराशी आणली, कळ दाबली. चालू झाली का नाही तेच कळेना, कान लावून बघावं लागलं. वर क्रेट बांधायला गेलो तर मागची सीट शेळीच्या ढुंगणासारखी वर! क्रेट ठेवला की घसरून माझ्या पाठीवर. दोनदा वांगी वेचली आणि शेवटी गावच्या टेम्पोत टाकून दिली. म्हटलं, आपण आता घरीच थांबू. नवी गाडी पुसू, धारेकडे बघू, रवीच्या आईला चार गोष्टी सांगू.

जमनीने त्या दिवशी दूध दिलं नाही. संध्याकाळी गाव नवी गाडी बघायला आलं म्हणून मी पारावर गेलो नाही. जमनीने संध्याकाळीही दिलं नाही.

"बघ," मी म्हटलं, "म्हटलं नव्हतं? तिला फटफट लागते."

"मग आणा फटफट कुठून तरी," रवीची आई म्हणाली. "सड तटतटले तिचे. असंच चाललं तर आटेल ती."

आता आवाज कुठून आणायचा? मी जमनीच्या कानाशी उकिडवा बसलो आणि तोंडाने सुरू केलं. फट् फट् फट् फट्, मधे गिअर बदलला, वळणावर हॉर्न दिला. जमनीने शांतपणे शेपूट शेणात बुडवली आणि माझ्या उघड्या तोंडावर मारली.

शेजारचे नाना कुंपणावरून बघत होते. वय झालेला माणूस, पण दुसऱ्याची फजिती बघायला त्यांना चष्मा लागत नाही.

"बारक्या, रिझर्व्हले लाव," ते म्हणाले. "पेट्रोल संपनं व्हई."

मग मी पिंपळनेरच्या पोराला फोन लावला. म्हटलं, "भाऊ, एक काम कर. गाडी चालू कर आणि फोन सायलेन्सरजवळ धर. आमच्या म्हशीला ऐकवायचीय."

 तो म्हणाला, "काका, ती इथं आल्यापासून चालूच झाली नाही. चमचा तुटला."

मग नाना आपली जुनी गाडी घेऊन आले. ती चालू झाली, गोठा धुराने भरला, पारडू खोकलं, मी जमनीची पाठ थोपटत "सोड माय, सोड" म्हणत राहिलो. थेंब नाही. मी सगळ्यांना समजावलं की नानांच्या गाडीचा सूर वेगळा आहे, जमनीला आपल्याच गाडीचा लागतो. नाना गाडी घेऊन गेले ते रागानेच. त्यांच्या गाडीला आजवर कोणी बेसूर म्हटलं नव्हतं.

असं चाललं तेव्हा रवीचा फोन आला. "आबा, म्हैस आटली असेल तर ठेवून काय करायचं? व्यापाऱ्याला सांगितलंय, तो उद्या बघून जाईल. पुढच्या बाजारात काढून टाकू."

रवीची आई शेजारी उभी राहून ऐकत होती. मी फोन ठेवला तशी ती जमनीजवळ जाऊन बसली, तिच्या शिंगाला हात लावून. बोलली असती तर बरं होतं. ती बोलत नाही तेव्हा घरात भाकरी जाड येते. त्या रात्रीची भाकरी दाताने तुटत नव्हती.

पहाटेच्या धारेलाही मी शेजारी उभा राहिलो, थेंब नाही, मग नवी गाडी काढली आणि धुळ्यावरून, साक्रीवरून थेट पिंपळनेर गाठलं. (एक गोष्ट कबूल केली पाहिजे, कमर दुखली नाही. पण हे कोणाला सांगू नका.) तो पोरगा अंगणात बसला होता, समोर माझी फटफटी, धुऊन पुसून चकचकीत, बंद.

"भाऊ, माझी गाडी परत दे. ही नवी घे."

"ही? नवी? बदल्यात?"

"बदल्यात."

"वर काही द्यावं लागेल का काका?"

"चमचा दे एक."

त्याने आईला हाक मारून अख्खा डझन आणून दिला. वर मला शेवभाजी खाऊ घातली. मी जेवत होतो तेवढ्यात त्याने नवी गाडी आत नेऊन कुलूप लावलं, न जाणो मी शुद्धीवर आलो तर.

साक्रीपर्यंत फटफटी चालली. पुढे टेम्पोत. गावात उतरलो तेव्हा दुपार कलली होती, आणि गोठ्यात व्यापारी उभा होता. जमनीचे दात बघत होता. रवी दीपनगरहून आला होता, तो माझ्याकडे बघत होता.

"आबा, नवी गाडी कुठाय?"

"पिंपळनेरला."

"सर्व्हिसिंगला?"

"कायमची."

रवी खाटेवर बसला. नाना कुंपणावर येऊन बसले. हळूहळू अर्धी गल्ली जमली. मी म्हटलं, "शेठ, दोन मिनिटं थांबा. रवीनी माय, बादली घे. आता बघा लोखंड काय करतं."

आडवी केली, उभी केली. थाप, शिवी, किक. एका किकमध्ये चालू! फट् फट् फट् फट्. मी जमनीसमोर फटफटीवर बसून, गळ्यातला गमछा नीट करून भाषण सुरू केलं. नव्या गाड्या कशा बिनजीवाच्या, सरकारने त्या कशा बंद करायला पाहिजेत, जनावराचं आणि इंजिनाचं नातं काय असतं. चांगलं रंगलं होतं. खाली रवीची आई सड ओढत होती.

"काही नही शे," ती म्हणाली. डोळे भरले होते तिचे.

व्यापारी म्हणाला, "भाऊ, ही आटेल शे, दूध संपनं हिचं. मी नेतो."

"थांबा, आवाज कमी पडतोय," म्हणून मी मूठ जोरात पिळली. केबल अडकली. मूठ परत येईना, इंजिन किंचाळायला लागलं, माझा हात क्लचवरून निसटला आणि फटफटी मला घेऊन सुटली! व्यापारी उडी मारून गव्हाणीत. मी कुंपणाच्या फटीतून, नानांच्या मेथीतून, मारुतीच्या पाराला वळसा घालून नाल्याकडे. पारावरचे लोक राम राम म्हणाले, मलाही म्हणावं लागलं. नाल्यात चिखल होता, त्याने मला थांबवलं. ब्रेकचा यात काही संबंध नाही.

फटफटी ढकलत, चिखलाने माखलेला गोठ्यात परत आलो. बादली भरली होती. वर फेस. रवीच्या आईने दुसरं भांडं लावलं होतं आणि त्यात चुर्र चुर्र चाललं होतं. ती हसत होती, पदराने डोळे पुसत होती.

मी ओरडलो, "बघा! लोखंड! म्हटलं नव्हतं?"

जमनीने माझा आवाज ऐकला, मान वळवली, आणि धार थांबली.

सगळे जमनीकडे बघत होते. मग हळूहळू सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"बारक्या," नाना म्हणाले, "जरा भाहेर जाय बरं."

मी कोपऱ्याआड गेलो. चुर्र चुर्र. परत आलो. बंद. परत गेलो. चुर्र. व्यापारी गव्हाणीतून बाहेर आला, अंगावरचा कडबा झटकला आणि म्हणाला, "वहिनी, म्हैस एकदम चांगली शे. ही नका विकू." नंतर माझ्याकडे बघून म्हणाला, "यांचं काही काढायचं असेल तर सांगा, पण बाजारात गिऱ्हाईक मिळणं अवघड."

तर जमनीला कधीच फटफटीचा आवाज लागत नव्हता. फटफट ऐकू आली म्हणजे मी निघालो, एवढंच ती ऐकत होती. सगळ्या गोठ्याला ते माहीत होतं, बहुतेक पारडूलाही. मी एकटाच शोध लावत बसलो होतो.

रवी म्हणाला, "आबा, म्हणजे नव्या गाडीवर बसून तुम्ही नुसते बाहेर गेला असतात तरी झालं असतं."

मी म्हटलं, "पण तिच्यावर क्रेट कुठे राहतात? मग घरीच बसलो असतो ना."

आता परत मी रोज मार्केटला जातो. मेहरूणच्या तलावावरची पोरं विचारतात, "काका, तुम्ही अजून जुनीच गाडी ठेवली, का?" मी गाडीला टेकून सांगतो, "इंजिनात जीव शे." खरं कारण सांगायची सोय नाही. निम्मे दिवस फटफटी चालू होत नाही, मग मी ती ढकलत वेशीबाहेर नेतो. त्या दिवशी रवीची आई मोठी बादली घेते. ढकलत गेलेला माणूस लवकर परत येत नाही, हे आमच्या जमनीला कळलंय.