उतारावर लावलेली जीप

गाडी सुरू झाली नाही की माणूस आधी बॅटरीला शिव्या घालतो. येरमाळ्याला हायवेच्या कडेला माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे, तिथं रोज हेच ऐकतो. मी गिऱ्हाइकावर खेकसतो, "बॅटरीला काय बोलता? आधी अर्थिंग बघा." बॅटरीतून निघालेला करंट फिरून बॅटरीत परत यावा लागतो. परतीची वायर चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, जिथं बोल्टनं आवळलेली असते, तिथं गंज किंवा माती बसली की सेल्फ नुसता टकटक करतो. हे मी इतक्या लोकांना सांगितलंय की बायको म्हणते, झोपेतही हेच बरळता. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो माझ्याच घरी होता.

माझे वडील, त्यांना आम्ही तात्या म्हणतो, शेजारच्याच वाशी तालुक्यात आमच्या गावी राहतात. त्यांची जुनी डिझेल जीप आहे. उमेदीत तिच्यावर वडाप केलं, गावोगावची सीटं भरून नेली, नंतर शेताला, बाजाराला, दवाखान्याला तीच. एका दसऱ्याला मी गावी जाऊन ती निळ्या ऑइलपेंटनं रंगवली. रंग आईनं निवडला होता. ती डबा धरून माझ्यामागं फिरत होती आणि "कोपरं सोडू नगंस" म्हणून सारखी बजावत होती. पूजेला जीप नवरीगत दिसत होती.

दिवाळीनंतर तात्यांचे फोन यायला लागले. "सेल्फ उचलंना बघ. बॅटरी औंदाच घेतलीय. तू एकदा यिऊन बघ." हातातलं काम न सोडता मी सांगायचो, "बॅटरीच गेली असेल. बदलून टाका." जे गिऱ्हाइकाला बोलू देत नाही, तेच बापाला ऐकवत होतो. दुचाकीवर अर्ध्या तासाचं गाव, पण मी गेलो नाही. दुकानात गर्दी होती हे खरं, पण खरं कारण ते नाही. म्हाताऱ्याची कुरकुर वाटत होती मला.

माघातल्या एका गार सकाळी आईच्या छातीत कळ आली. तात्यांनी तिला जीपमध्ये बसवलं, चावी फिरवली, टक असा आवाज झाला आणि पुढं काही नाही. अंगण सपाट. तात्या आणि शेजारच्या बाया जीप ढकलत होत्या आणि आई मागच्या सीटवर घामेजून बसली होती. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. शेवटी एकाचा ट्रॅक्टर आला, त्यानं ओढून जीप सुरू केली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आणायला पाहिजे होतं." मी पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं.

दहाव्याला ओढ्याच्या काठी पिंडाला कावळा शिवेना. कावळा समोरच्या बाभळीवर बसलेला, पण खाली येईना. मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, हात जोडून म्हणाला, "आक्का, दाजीकडं आमी बघू. मागं जीव ठिवू नगंस." तरी नाही. लोक घड्याळं बघायला लागले. माझं डोकं फिरलेलंच होतं. तात्यांकडं बोट करून सगळ्यांदेखत बोललो, "तिला दुसरं काही नको होतं. गाडी वेळेवर सुरू व्हायला पाहिजे होती. बॅटरी बदला म्हणून कितीदा सांगितलं, यांनी ऐकलं नाही!"

आणि नेमका तेव्हाच कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

झालं. मी रागात बोललो ते आईनंच खरं ठरवलं, असं सगळ्यांनी धरलं. मलाही तसंच वाटलं. तात्यांनी मान वर केली नाही.

त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतंच बोलायचे. जीप ते कायम मारुतीच्या देवळामागच्या उतारावर लावायचे, चाकाखाली दगड घालून. दगड काढला की जीप घरंगळायची, मग गिअर टाकला की इंजिन सुरू. आमच्याकडं बऱ्याच म्हाताऱ्या गाड्या अशाच चालतात. मी मनात म्हणायचो, बायको गेली तरी याला अक्कल येत नाही. असं म्हणायचो मी, बापाला.

वर्षश्राद्ध आठवड्यावर आलं तेव्हा बायको म्हणाली, "लोकांच्या गाड्या नीट करता आणि घरची उतारावरून सोडता. पाहुण्यांत बरं दिसतं का?" मग मी तांब्याच्या जाड केबली कापल्या, टोकांना बोल्टात बसणारी थिंबल दाबली आणि गावी गेलो. जीप ओढून अंगणात आणली. तात्या पायरीवर बसून बघत होते.

जुन्या केबली वाळक्या वेलीसारख्या कडक झाल्या होत्या. त्या सोडवल्या. अर्थिंगचा बोल्ट काढला, वायरचं टोक बाजूला केलं. खाली निळा ऑइलपेंट.

दसऱ्याला ती वायर मीच सोडली होती. खाली रंगाचे दोन हात दिले, वाळल्यावर वायर परत आवळली. कोपरा सुटू नये म्हणून. रंगातून करंट जात नाही हे मी दिवसाला दहा जणांना सांगतो. थोडाफार जात होता तो बोल्टमधून, आणि गंज चढला तसा तोही कमी होत गेला. बॅटरी तपासली. बॅटरी ठणठणीत होती.

रंगावर मधोमध एक रेघ दिसली, पेचकसानं ओढलेली, जुनी, आतून तांबूस झालेली. माझ्याआधी इथं कुणीतरी हात घातला होता. मी तात्यांकडं पाहिलं.

"वाशीच्या मिस्त्रीनं दावलं मला," ते म्हणाले. "दहावा झाल्याव, चार दिसांनी."

"मग खरवडलं का नाही? दोन मिनिटांचं काम होतं."

"खरवडलं असतं तर गाडी सुरू झाली असती. मग तू इचारलं असतंस, कशी काय झाली." ते म्हणाले, "मला बोलायला तू व्हतास. तुला बोलायला तूच ऱ्हायला असतास. ते लई वंगाळ."

मी चाकाला टेकून रडलो. वर्षभर या माणसानं माझ्यासाठी दगड उचलला आणि ठेवला होता. "रडू नगंस," ते म्हणाले, "काम पुरं कर."

मी रंग खरवडून लोखंड उघडं केलं, जाड केबल आवळली, दुसरी एक इंजिनापासून थेट बॅटरीला नेली, वरून ग्रीस लावलं. चावी फिरवली. सपाट अंगणात, पहिल्या झटक्यात जीप सुरू झाली.

वर्षश्राद्धाला तीच माणसं येणार होती. ज्यांच्यादेखत बोललो, त्यांच्यादेखतच खरं काय ते सांगायचं, असं मी ठरवलं होतं. पंगत बसली. मी मीठ वाढत तात्यांच्या ताटापर्यंत आलो. शेजारी मामा बसला होता.

"दाजी," मामा म्हणाला, "जीप चावीवर सुरू झाली म्हणं. बदलली का आता तरी बॅटरी?"

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

"व्हय," ते म्हणाले. "बदलली."

"हेच आधी केलं असतं तर आक्का—" मामानं पुढचं गिळलं. तात्यांनी मान हलवली.

मी मामाच्या ताटात मीठ वाढलं आणि पुढं गेलो.